चौदाव्या वर्षी शाळा सुटलेला कोशकार



स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा निरोप ग्रुपवर आला तेव्हा मी आधी टाळाटाळच केली. पिंपळाखालची प्रार्थना, पावसाळ्यात गळणारा आठवीचा वर्ग, सहलीची एस.टी. आणि तिचं पंक्चर, हे सगळं माझ्यापेक्षा चांगलं लिहिणारे आपल्यात बरेच आहेत. म्हणून मी एका वेगळ्याच माणसाबद्दल लिहायचं ठरवलं. हा माणूस आपल्या शाळेत कधी आला नाही. आपण जन्मलो त्याच्या साठेक वर्षं आधीच तो गेला. तरी त्याची खरी ओळख मला आपल्या इंग्रजीच्या बाईंनी करून दिली, असं मी मानते. त्यांना हे माहीत नसेल.

बाईंची ती वही आठवते ना? आपलं इंग्रजी पाचवीत सुरू झालं आणि आठवीत बाई वर्गावर आल्या. त्यांनी दोनशे पानी वहीत तीन रकाने आखायला लावले: शब्द, अर्थ, वाक्य. त्यांचा नियम असा, की वाक्य मनानं रचायचं नाही आणि गाइडमधलंही घ्यायचं नाही. तो शब्द ज्या वाक्यात वाचला किंवा ऐकला तेच वाक्य उतरवायचं आणि ते कुठे मिळालं ते पुढे लिहायचं. पेस्टचा खोका चालेल, बियाण्याची पिशवी चालेल, रेडिओवरची क्रिकेटची कॉमेंट्रीही चालेल.

मी वही भरायचे, पण चलाखी करून. विशेषण कोणतंही असो, माझं वाक्य ठरलेलं: राम इज अ अमुक बॉय. राम शूर होता, आळशी होता, प्रामाणिक होता, एकदा तर तो पारदर्शकसुद्धा होता. त्या पानावर बाईंनी वरपासून खालपर्यंत लाल रेघ मारली होती.

वर्गातली सगळ्यांत चांगली वही खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर बसणाऱ्या एका मैत्रिणीची होती. तिला विचारलेलं नाही म्हणून नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. नववीत किल्लारीचा भूकंप झाला त्या सुमाराची गोष्ट. तिनं 'रिलीफ' हा शब्द वहीत दोनदा लिहिला होता. एकदा आईच्या औषधाच्या खोक्यावरून, अर्थ: दुखणं कमी होणं. दुसऱ्यांदा वाण्यानं पुडी बांधून दिलेल्या इंग्रजी पेपरच्या तुकड्यावरून, अर्थ: संकटात सापडलेल्यांना दिलेली मदत. एका शब्दाला दोन क्रमांक, दोन वाक्यं आणि दोन पत्ते. बाईंनी ती वही अख्ख्या वर्गात फिरवली होती. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती मैत्रीण शाळेत आली नाही. आईचं दुखणं वाढलं होतं आणि घरात धाकटी भावंडं होती.

माझ्या चलाखीची शिक्षा मला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी मिळाली. ड्रॉइंगच्या तासाला सरांनी एका दांड्याचा टॉलरन्स विचारला. टॉलरन्स म्हणजे सहनशीलता, हे मला पाठ होतं. लोखंडी दांड्याची सहनशीलता कशी काढतात ते मात्र कळेना. माप किती चुकलं तरी चालेल याची मुभा, हा अर्थ मला कुठल्याच वाक्यात भेटला नव्हता. मराठी माध्यमाच्या आम्ही चौघी शेवटच्या बाकावर माना खाली घालून बसलो होतो, ते आजही आठवतं.

पुढे नोकरीत मजकूर तपासणाऱ्या एका सॉफ्टवेअरवर काम करताना, ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी शब्दकोश कसा तयार झाला याचा इतिहास मी वाचला. तेव्हा बाईंच्या तीन रकान्यांचे मोठे मास्तर मला भेटले. त्यांचं नाव जेम्स मरे. आडनाव मराठी कानाला जरा अशुभ वाटतं, तेवढं चालवून घ्या.

जेम्सचा जन्म ७ फेब्रुवारी १८३७ चा. स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेवर हॉइक नावाचं गाव आहे, त्याच्या जवळच्या डेनहोम या खेड्यातला. वडील शिंपी होते. जेम्स थोरला. मुलगा हुशार होता, पण पुढच्या शाळेची फी घरच्यांना झेपेना, आणि चौदाव्या वर्षी त्याची शाळा सुटली. त्यानं शिक्षण मात्र सोडलं नाही. दगड, झाडं, जुनी नाणी, पडक्या गढ्या, जे दिसेल त्याचं नाव आणि त्या नावाचा उगम तो शोधत बसायचा. एकामागून एक भाषा त्यानं स्वतःच्या स्वतः शिकून घेतल्या. सतराव्या वर्षी हॉइकच्या शाळेत तो साहाय्यक शिक्षक झाला आणि विसाव्या वर्षी तिथल्याच दुसऱ्या एका शाळेचा मुख्याध्यापक. गावाच्या इतिहासाचा अभ्यास करणारी संस्था काढण्यातही त्याचा हात होता. त्या काळात त्यानं ज्यांना विजेचे पहिले धडे दिले त्यांत अलेक्झांडर ग्रॅहम बेल नावाचा त्याच्याहून दहा वर्षांनी लहान मुलगा होता. हाच पुढे टेलिफोनवाला बेल. दोघांची मैत्री शेवटपर्यंत टिकली.

१८६२ मध्ये मरे यांनी मॅगी स्कॉट या संगीतशिक्षिकेशी लग्न केलं. त्यांना एक मुलगी झाली, ती तान्हेपणीच गेली. पाठोपाठ मॅगीला क्षयानं गाठलं. डॉक्टरांनी उबदार हवेच्या देशात न्यायला सांगितलं. मास्तरांच्या पगारात ते शक्य नव्हतं. निदान स्कॉटलंडच्या थंडीपासून तरी सुटका व्हावी म्हणून मरे मुख्याध्यापकाची खुर्ची सोडून १८६४ मध्ये लंडनला आले आणि एका बँकेत कारकून झाले. ती बँक म्हणजे चार्टर्ड बँक ऑफ इंडिया, ऑस्ट्रेलिया अँड चायना. सहाच वर्षांपूर्वी तिनं मुंबईत शाखा उघडली होती. आजच्या स्टँडर्ड चार्टर्डचा एक पूर्वज तो. मॅगी वर्षभरात गेली. अठ्ठाविसाव्या वर्षी मरे यांच्याजवळ मुलगी नव्हती, बायको नव्हती, आवडीचं कामही नव्हतं.

१८६६ मध्ये त्यांनी ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात नोकरीसाठी अर्ज केला. आपल्याला कोणकोणत्या भाषा किती येतात याची भलीमोठी यादी त्यात होती: कुठली नीट, कुठली कामापुरती, कुठली नुसती तोंडओळखीची. युरोपातल्या बहुतेक भाषा त्यात होत्याच, संस्कृतशीही थोडा परिचय असल्याचं त्यांनी नोंदवलं होतं. नोकरी मिळाली नाही. आपल्यापैकी ज्यांनी ज्यांनी बायोडेटा नाकारल्याचं पत्र घरातल्या डब्यात लपवून ठेवलंय, त्यांनी हे लक्षात ठेवावं.

१८६७ मध्ये त्यांनी एडा रुथवेन यांच्याशी दुसरं लग्न केलं. नवरदेवाचा सोबती म्हणून उभा होता तो बेल. एडा यांनी घर सांभाळलं, हिशेब सांभाळले आणि अकरा मुलं वाढवली. त्या काळी बालमृत्यू घरोघरी होते, पण ही अकराही मुलं मोठी झाली. १८७० मध्ये मरे बँक सोडून लंडनजवळच्या मिल हिल शाळेत शिक्षक म्हणून परतले. शिकवता शिकवता लंडन विद्यापीठाची पदवी घेतली आणि आपल्या सीमाभागातल्या बोलीवर एक पुस्तक लिहिलं. ते १८७३ मध्ये आलं. खेड्यातल्या शिंप्याच्या, गवंड्याच्या, गुराख्याच्या तोंडच्या भाषेला नियम असतात आणि इतिहास असतो, हे त्यांनी त्यात दाखवलं. त्यामुळे विद्वानांच्या जगात त्यांचं नाव झालं.

आता कोशाकडे येते. लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीनं १८५७ मध्ये जुन्या कोशांतून सुटलेले शब्द गोळा करायला घेतलं होतं. लवकरच त्यांच्या ध्यानात आलं, की ठिगळं लावून भागणार नाही, नवाच कोश हवा. त्यात प्रत्येक शब्दाचं चरित्र असावं: शब्द पहिल्यांदा केव्हा दिसला, त्याचे अर्थ कसे बदलत गेले, मेला असेल तर केव्हा मेला. आणि त्यातलं प्रत्येक विधान कुणीतरी खरोखर लिहिलेल्या वाक्यानं सिद्ध व्हावं. पहिले संपादक हर्बर्ट कोलरिज तिसाव्या वर्षीच वारले. त्यांनी शब्दांच्या चिठ्ठ्या ठेवायला ५४ खणांचं कपाट करून घेतलं होतं. त्यानंतर फर्निव्हल नावाचे उत्साही गृहस्थ आले. माणसं जमवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. जमवलेल्या माणसांनी पुढे काय केलं ते बघायला मात्र त्यांना फुरसत नसायची. वीस वर्षं अशीच गेली.

१ मार्च १८७९ रोजी ऑक्सफर्डच्या विद्यापीठ मुद्रणालयाशी करार झाला आणि संपादक म्हणून मरे यांची नेमणूक झाली. दहा वर्षांत, चार खंडांत काम पुरं करायचं होतं. शाळेची नोकरी सांभाळून! सॉफ्टवेअरमध्ये इतकी वर्षं काढल्यावर असा अंदाज वाचला की मला त्या मीटिंगचं दृश्यच डोळ्यांसमोर येतं. सगळे माना डोलावताहेत आणि मनातून प्रत्येकाला माहीत आहे.

फर्निव्हल यांनी जुना ऐवज पाठवून दिला. तो जवळजवळ दोन टन चिठ्ठ्यांचा होता आणि पोत्यांत कोंबलेला. एका पोत्यात मेलेला उंदीर निघाला, दुसऱ्यात जिवंत उंदरीण आणि तिची पिल्लं. 'एच' अक्षराच्या चिठ्ठ्या इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात एका अमेरिकी राजदूताकडे पडून होत्या. 'पी-ए'नं सुरू होणाऱ्या शब्दांचा गठ्ठा आयर्लंडमधल्या एका तबेल्यात सापडला. त्यातल्या बऱ्याच चिठ्ठ्या चुलीत गेल्या होत्या.

मरे यांनी शाळेच्या आवारात पत्र्याची एक खोली उभी केली. आत १,०२९ खण केले. तिला त्यांनी स्क्रिप्टोरियम म्हटलं. जुन्या मठांतल्या ग्रंथ लिहिण्याच्या दालनाचं ते नाव. मग त्यांनी इंग्रजी वाचणाऱ्या सगळ्यांना एक छापील आवाहन काढलं. ब्रिटन, अमेरिका, वसाहती, कुणीही यावं. एक पुस्तक घ्यावं, वाचावं, शब्द निवडावा, हातभर नव्हे, वहीच्या अर्ध्या पानाएवढ्या चिठ्ठीवर डाव्या कोपऱ्यात तो शब्द लिहावा, खाली साल, लेखक, पुस्तक, पान, आणि मग पूर्ण वाक्य उतरवून पाठवावं. चिठ्ठीचा हा नमुना पाहिला तेव्हा मी बराच वेळ हसत होते. आठवीची वहीच ती! फक्त अर्थाचा रकाना रिकामा.

तो रिकामा का, हे कळायला मला थोडा वेळ लागला. आपण शाळेत आधी अर्थ पाठ करायचो आणि मग तो वाक्यात बसवायचो. मरे यांच्या खोलीत उलटा क्रम होता. एका शब्दाच्या शंभर-दोनशे चिठ्ठ्या सालवार लावायच्या. मग वाचत जायचं. इथपर्यंत अर्थ एक आहे, इथे तो किंचित वळला, इथे दुसरी फांदी फुटली. प्रत्येक फांदीची वेगळी गड्डी. आणि सगळ्यांत शेवटी त्या गड्डीला लागू पडेल अशी नेमकी व्याख्या लिहायची. व्याख्या कुठल्या वाक्याला बसत नसेल तर ती बदलायची. वाक्य बदलायचा अधिकार संपादकालाही नव्हता. माझ्या रामाची सगळी वाक्यं त्या खोलीत कचऱ्यात गेली असती.

वाचकांची एक सवय मरे यांना फार छळायची. लोक अनोखा शब्द दिसला की हौसेनं उतरवून पाठवत आणि रोजच्या शब्दांकडे कुणी बघत नसे. 'अब्यूजन' हा आज कुणाला आठवतही नाही असा शब्द. त्याच्या पन्नासेक चिठ्ठ्या आल्या. 'अब्यूज' या साध्या, सगळीकडे चालणाऱ्या शब्दाच्या पाचही नव्हत्या. मग मरे आणि त्यांचे साहाय्यक त्या साध्या शब्दांची वाक्यं शोधत पुस्तकं उपसत बसत. मुलांना इंग्रजी शिकवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे. जडजंबाल शब्द आपण पाठ करतो आणि अडतो ते 'गेट', 'टेक', 'सेट' यांच्यापाशी.

मुद्रणालयातली थोर मंडळीही गप्प नव्हती. वाक्यं मोठ्या लेखकांची घ्या, वर्तमानपत्रांतली नकोत, असा त्यांचा आग्रह होता. १८८३ मध्ये हा वाद इतका पेटला की मरे राजीनाम्यापर्यंत आले. त्यांचं म्हणणं साधं होतं. शब्द जिथे वापरला जातो तिथूनच त्याचा पुरावा येणार. वर्तमानपत्र त्यांनी सोडलं नाही. वाण्याच्या पुडीच्या कागदावरून वाक्य उतरवणारी आपली मैत्रीण त्यांच्या बाजूची होती, एवढं नक्की.

पाच वर्षं राबल्यावर १८८४ मध्ये पहिला भाग छापून आला. ३५२ पानं. 'ए'पासून 'अँट'पर्यंत, म्हणजे पाच वर्षांत काम मुंगीपर्यंत पोहोचलं होतं. गतीही तीच होती. १८८५ मध्ये शाळा सोडून मरे कुटुंबासह ऑक्सफर्डला राहायला गेले आणि बॅनबरी रोडवरच्या घराच्या बागेत नवं स्क्रिप्टोरियम बांधलं. शेजाऱ्यांच्या नजरेत पत्रे खुपू नयेत म्हणून ती खोली जमिनीत काही फूट उतरवावी लागली. त्यामुळे आत कायम ओल आणि गारठा. पांढरी लांब दाढी, डोक्यावर काळी मखमली टोपी, अंगात जाड कोट, आणि वारा लागू नये म्हणून पाय एका खोक्यात घातलेले, असे ते तिथे लिहीत बसत. टपाल इतकं येई-जाई की पोस्टानं घरासमोर एक पेटीच बसवली. घरातली मुलं चिठ्ठ्या अक्षरवार लावून खाऊचे पैसे कमवायची. एल्सी आणि रॉसफ्रिथ या दोन मुली तर पुढे कोशाच्या कामातच नोकरीला राहिल्या.

चिठ्ठ्या पाठवणारी माणसं तऱ्हेतऱ्हेची होती. फिट्झएडवर्ड हॉल हे मूळचे अमेरिकी, बनारसच्या सरकारी संस्कृत महाविद्यालयात शिकवलेले आणि संस्कृत ग्रंथांचे संपादक. इंग्लंडला गेल्यावर वाद होऊन ते एका खेड्यात एकटे राहू लागले. मरण येईपर्यंत ते कोशाची मुद्रितं रोज काही तास तपासत राहिले, एक पैसाही न घेता. दुसरे विल्यम मायनर. अमेरिकी लष्करातले डॉक्टर. वेडाच्या भरात १८७२ मध्ये त्यांनी लंडनमध्ये एका निरपराध कामगाराला गोळी घातली आणि ते ब्रॉडमूरच्या मनोरुग्णालयात बंदिस्त झाले. तिथल्या खोलीत त्यांनी पुस्तकांच्या भिंती रचल्या. इतरांसारख्या चिठ्ठ्या एकेक न पाठवता ते प्रत्येक पुस्तकाची शब्दसूची तयार करून ठेवत, आणि संपादकांना सध्या कोणत्या शब्दांची वाक्यं हवी आहेत ते विचारून तेवढीच पाठवत. आम्ही डेटाबेसला इंडेक्स लावतो तेच त्यांनी कागदावर केलं. मरे त्यांना मनोरुग्णालयात भेटायला जात. त्या माणसानं काय केलं आहे हे मरे यांना कळलं होतं. त्याचं काम चोख आहे हेही त्यांना दिसत होतं.

काम वाढलं तसे आणखी संपादक आले. पहिले हेन्री ब्रॅडली. पहिल्या भागावर त्यांनी लिहिलेलं परीक्षण वाचून मरे यांनी त्यांना हेरलं होतं. ब्रॅडलीसुद्धा पदवी नसलेले, शेफील्डच्या सुऱ्या-कात्र्यांच्या एका पेढीत वर्षानुवर्षं कारकुनी केलेले. इंग्रजी भाषेच्या सर्वांत मोठ्या कोशाचे पहिले दोन खांब असे घरी शिकलेले होते. आपल्याकडचे कितीतरी शब्द या दोघांच्या हाताखालून गेले. 'बंगलो', 'जंगल', 'पंडित' ही मरे यांच्या अक्षरांतली. 'एम' हे अक्षर ब्रॅडली यांच्याकडे होतं, आणि त्यात 'मंगूस' आहे. तो शब्द इंग्रजीनं मराठीकडून घेतला: आपलं मुंगूस.

मान मिळायला वेळ लागला. राजानं १९०८ मध्ये त्यांना सर ही पदवी दिली. ज्या ऑक्सफर्डचं नाव कोशामुळे घरोघरी पोहोचलं त्या विद्यापीठानं त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली ती १९१४ मध्ये. तिथल्या कुठल्याही कॉलेजनं त्यांना आपला फेलो केलं नाही. आपल्या ऐंशीव्या वाढदिवसापर्यंत, म्हणजे १९१७ पर्यंत, कोश पुरा करायचा, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. ते जमलं नाही. २६ जुलै १९१५ रोजी ऑक्सफर्डमध्ये ते वारले, तेव्हा 'टी' अक्षर चाललं होतं. ए ते डी, एच ते के, ओ, पी आणि टी, म्हणजे जवळजवळ निम्मा कोश त्यांनी स्वतः संपादित केला. उरलेलं काम बाकीच्यांनी १९२८ मध्ये संपवलं. दहा वर्षांचा अंदाज, लागली एकोणपन्नास. ४,१४,८२५ शब्द आणि १८,२७,३०६ वाक्यं. चिठ्ठ्या पन्नास लाखांच्या वर जमल्या होत्या.

इतक्या काळजीतूनही एक शब्द हरवला. 'बॉण्डमेड', अर्थ: वेठीला बांधलेली दासी. चिठ्ठ्या आलेल्या होत्या, लावल्याही असतील, पण गठ्ठा कुठेतरी सरकला आणि 'बी'चा तो भाग शब्दाशिवाय छापून गेला. पुढे चिठ्ठ्या सापडल्या. मरे यांना ही चूक फार लागली.  १९३३ च्या पुरवणीत 'बॉण्डमेड' आला, मरे गेल्यावर अठरा वर्षांनी.

आता मी हे सगळं इथे का लिहिलं ते सांगते. स्नेहमेळाव्याची यादी एक्सेलमध्ये मीच केली. दहावीच्या १९९५ च्या निकालपत्रावरून नावं घेतली, फोन नंबर जमवले, दुबार नावं काढली, रंग दिले. सगळ्यांनी कौतुक केलं. निमंत्रणं गेली. आणि एका रात्री बॉण्डमेडची गोष्ट पुन्हा वाचताना मला तिसरा बाक आठवला. यादी उघडली. ती त्यात नव्हती. असणार कशी? ती नववीत गेली. मग आठवीच्या फोटोवर बोट ठेवून मोजलं. निकालपत्रात नसलेली अकरा मुलं निघाली. कुणाचे वडील ऊसतोडीला गेले, कुणाचं लग्न झालं, कुणी गॅरेजला लागलं, कुणी गणितात अडकलं आणि परत आलंच नाही. माझ्या नियमानं चौदाव्या वर्षी शाळा सुटलेल्या जेम्स मरे यांनाही त्यांच्या शाळेच्या मेळाव्याचं निमंत्रण गेलं नसतं.

चूक माझी आहे, आणि पुस्तक छापायला जाण्याआधी लक्षात आली, एवढंच बरं. समितीशी बोलले. शेवटची दोन पानं मोकळी ठेवायचं ठरलंय. तिथे पुरवणी यादी छापायची. त्यासाठी प्रत्येकाकडून एक चिठ्ठी हवी आहे: डाव्या कोपऱ्यात नाव, मग कोणत्या इयत्तेत आपल्याबरोबर होता किंवा होती, आणि खाली त्या मुलाबद्दल तुम्हाला आठवणारं एक खरं वाक्य. त्यानं काय केलं, ती काय म्हणाली, काय खाल्लं, कुणाला मारलं, काहीही. फक्त मनानं रचलेलं नको. राम चांगला मुलगा होता, असलं तर अजिबात नको. बाई लाल रेघ मारतील. पत्ता किंवा फोन माहीत असेल तर तो वेगळा कळवा, छापायला नव्हे, बोलावायला.

पहिली चिठ्ठी मी लिहून ठेवली आहे. नववी ब, तिसरा बाक, खिडकीकडची बाजू. रिलीफ या शब्दाचे दोन अर्थ मला तिच्या वहीतून कळले. ती शेजारच्या तालुक्यात दिली आहे असं कुणीतरी सांगितलं, त्यापुढे धागा लागत नाही. कुणाला गावाचं नाव ठाऊक असेल तर मेळाव्याच्या आधी मला फोन करा. मी स्वतः जाऊन निमंत्रण देईन. आणि बाई, तुम्ही हे वाचत असाल तर तुमचा पेन घेऊन या. माझी वही मी आणणार आहे.